टेंगूळ

माझ्या लॅपटॉपला डाव्या मनगटाखाली एक टेंगूळ आहे. सहज बघितलं तर दिसत नाही, उजेड तिरका पडला तर जरासं चमकतं, पण टाइप करायला बसलं की मनगटाच्या हाडाला बरोब्बर लागतं. तीन वर्षं मी धरून चालले होते की आतल्या गरमीने प्लास्टिक फुगलं असणार, म्हातारपण म्हटलं की अशी टेंगळं यायचीच. ते नक्की कशामुळे आलं हे मला मागच्या महिन्यात कळलं, आणि तेही लॅपटॉप मेल्यामुळे.

मेला म्हणजे असा की बटण दाबलं की लाइट लागायचा, पंखा दोन-तीन सेकंद फिरायचा, आणि सगळं बंद. परत दाबा, परत तेच. स्क्रीनवर काहीही नाही. धाकट्या भावाला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, २०१२चा आहे तो. किती पिळशील? विंडोज ११ पण बसत नाही त्यावर." खरं आहे, बसत नाही, त्याला आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षेची चिप) लागतं आणि माझा तिसऱ्या जनरेशनचा आय-फाइव्ह. मी म्हटलं बघते. तो म्हणाला, "म्हणजे तू उघडणार." लहानपणी मी त्याची रिमोटवाली गाडी उघडली होती आणि ती परत कधीच चालली नाही, हे तो अजून विसरलेला नाही.

आधी जे सगळे करतात ते सगळं केलं. बॅटरी काढून नुसत्या अडॅप्टरवर, मग अडॅप्टर काढून नुसत्या बॅटरीवर, रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढून, मग दुसरी काढून, मग स्लॉट बदलून, हार्डडिस्क काढून, बाहेरचा मॉनिटर लावून. काही फरक नाही. मग मागचं झाकण काढून मल्टिमीटर घेऊन बसले, बझरवर लावला (दोन टोकांमध्ये विजेला वाट मोकळी असली की तो वाजतो), आणि पंख्याच्या खालून प्रोसेसरशेजारच्या ज्या कॉइल दिसत होत्या त्यांच्यापासून ग्राउंडपर्यंत टोकं टेकवली तर मस्त पीऽऽप. सापडला शॉर्ट, वीज भलत्याच वाटेने पळतेय! इतका आनंद झाला म्हणून सांगू, आणि तो साधारण पाऊण तास टिकला. मग वाचनात आलं की प्रोसेसरला वीज देणाऱ्या त्या लाइनचा रेझिस्टन्स मुळातच इतका कमी असतो की धडधाकट मदरबोर्डवरही, म्हणजे सगळे पार्ट जिच्यावर बसतात त्या पाटीवरही, बझर वाजतो. म्हणजे मी निरोगी माणसाची नाडी बघून त्याला ताप आहे म्हणत होते. अडॅप्टरच्या १९ व्होल्टच्या लाइनवर मात्र शॉर्ट नव्हता, ३.३ आणि ५ व्होल्टही येत होते, म्हणजे घराच्या दारापर्यंत वीज येतेय आणि आत कुठल्यातरी खोलीत गडबड आहे. ती खोली शोधून त्यातला तीळाएवढा पार्ट बदलणारे लोक असतात, मायक्रोस्कोप आणि हॉट एअर घेऊन बसतात, मला त्यांचा फार हेवा वाटतो, पण माझा हात तेवढा स्थिर नाही. राहिला एकच मार्ग, अख्खा बोर्ड बदलायचा.

बोर्ड शोधणं हाही एक उद्योगच. एकाच मॉडेलचे बोर्ड दोन-तीन जातींचे निघतात, एकावर वेगळी ग्राफिक्स चिप असते, एकावर नसते, आणि त्यानुसार हीटसिंकही (चिपची उष्णता ओढून घेणारा भाग) बदलतो कारण ग्राफिक्सवाल्याची तांब्याची नळी लांब असते आणि तिला दोन ठिकाणी टेकायचं असतं. मॉडेलच्या नावावर जाऊन चालत नाही, बोर्डावर चिकटवलेल्या स्टिकरचा पार्ट नंबर जुळवावा लागतो. दुसरं म्हणजे जुन्या लॅपटॉपमधून काढलेला बोर्ड असेल तर बायोसला (विंडोजच्या आधी चालू होणारा, बोर्डावरचाच प्रोग्रॅम) पासवर्ड नाही ना हे आधी विचारून घ्यायचं, कारण ऑफिसातून भंगारात निघालेल्या मशीनवर पुष्कळदा सुपरवायझर पासवर्ड तसाच राहिलेला असतो आणि बोर्डावरचा तारीख सांभाळणारा सेल काढला तरी तो पासवर्ड पुसला जात नाही. ठीकठाक चालणारा बोर्ड, आणि आत जायला बंदी. मी विचारलं, नाही म्हणाले, आला.

आता माझ्या लॅपटॉपची एक गोष्ट मला मनापासून आवडते, ती म्हणजे त्याचं मेंटेनन्स मॅन्युअल. बनवणाऱ्या कंपनीनेच काढलेलं, कोणालाही वाचता येणारं, कुठला भाग काढायच्या आधी कुठला काढायचा याची चित्रं, प्रत्येक पायरीला तक्ता: स्क्रू किती, केवढ्या लांबीचे, कुठल्या रंगाचे, किती जोराने पिळायचे. आणि लॅपटॉपच्या पोटावर प्रत्येक भोकाशेजारी बारीकसं चित्र कोरलेलं, कीबोर्डचे स्क्रू असतील तर कीबोर्डचं, रॅमचं असेल तर रॅमचं. हीटसिंकच्या स्क्रूंजवळ १, २, ३, ४ असे आकडे, त्या क्रमाने आवळा म्हणजे दाब सगळीकडे सारखा बसेल. म्हणजे हा लॅपटॉप बनत असतानाच कुणीतरी असा विचार केला होता की हा एक दिवस कोणीतरी उघडणार आहे आणि उघडणारा आमच्यातलाच असेल असं नाही. मला हे फार सभ्यपणाचं वाटतं. आजकालच्या कितीतरी पातळ लॅपटॉपमध्ये बॅटरी गोंदाने चिकटवलेली, रॅम सोल्डर केलेली, झाकण काढायला विचित्र आकाराचे स्क्रू. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१पासून लॅपटॉपवर दुरुस्तीचे १०पैकी मार्क छापावे लागायला लागले, त्यात कागदपत्रं मिळतात का, उघडायला सोपा आहे का, पार्ट मिळतात का आणि केवढ्याला, हे सगळं धरतात. म्हणजे जे पूर्वी कुणीतरी न सांगता करत होतं त्याला आता मार्क द्यायची वेळ आलीये.

तर, पुठ्ठ्याचा एक मोठा तुकडा घेतला, त्यावर लॅपटॉपच्या पोटाचं चित्र काढलं, आणि जो स्क्रू जिथून निघेल तो पुठ्ठ्यावर तिथेच टोचून ठेवायचा. वाट्या-बिट्यांपेक्षा हे बरं, कारण स्क्रू दिसायला सारखे आणि लांबीला वेगळे असतात आणि सगळी मेख तिथेच असते. बॅटरी काढली, अडॅप्टर तर नव्हताच, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं म्हणजे आत उरलीसुरली वीज असेल ती जाईल. मग धातूला हात लावून अंगातली स्टॅटिक वीज घालवली. ही स्टॅटिक मोठी लबाड, आपल्याला चटका जाणवायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात आणि चिपचं नुकसान त्याहून कितीतरी कमीमध्ये होऊन जातं, म्हणजे तुम्हाला काही कळलं नाही याचा अर्थ काही झालं नाही असा नाही.

पहिला स्क्रू फिरवला की 'कट्' असा आवाज येतो. आट्यांवर निळा थर दिलेला असतो, हादऱ्यांनी स्क्रू सैल होऊ नये म्हणून, तो सुटताना हा आवाज येतो, आणि कंपनीतून आल्यावर तो स्क्रू कोणी फिरवलाय की नाही हे त्यावरून बऱ्यापैकी कळतं. माझे निम्मे स्क्रू कटकट करत निघाले आणि निम्मे गुपचूप निघाले. गुपचूप निघालेले म्हणजे त्या माणसाचे. तीन वर्षांपूर्वी पंखा घरघर करायला लागला म्हणून मी लॅपटॉप एका दुरुस्तीवाल्याकडे टाकला होता, संध्याकाळी परत मिळाला, घरघर बंद, मी खूश. आता त्याच्या मागोमाग मी आत चालले होते.

पुढच्या काठाजवळचा, डावीकडचा स्क्रू फिरवतेय, फिरवतेय, फिरवतेय, तो संपेचना. बाकीचे चार-पाच वेढ्यांत बाहेर येत होते. निघाला तेव्हा पट्टीवर धरला, ८ मिलिमीटर. तक्त्यात बघितलं, तिथे ४चा हवा. मग सरळ करून वरून हात फिरवला. टेंगूळ बरोबर त्या भोकाच्या डोक्यावर.

गरमी नाही, म्हातारपण नाही. मोठा स्क्रू छोट्या भोकात पिळला होता, आतला पितळी ठोकळा वर सरकला आणि त्याने वरचं प्लास्टिक ढकललं. बोर्ड थोडक्यात वाचला, कारण अशा लांब स्क्रूखाली बोर्ड आला तर तो बोर्डालाच भोसकतो. सांगते, राग आला. तीन वर्षं माझ्या मनगटाला टोचणारी गोष्ट म्हणजे कुणाचा तरी दोन सेकंदांचा कंटाळा. मनातल्या मनात मी त्याला बरंच काही बोलले, ते इथे लिहीत नाही.

राग घेऊनच कीबोर्ड काढला. कीबोर्ड पुढे सरकवून उचलायचा असतो, एकदम ओढायचा नसतो, खाली रिबन असते. मग मनगटाची पट्टी, ही नुसती खटक्यांवर बसलेली, नखाने किंवा जुन्या प्लास्टिक कार्डाने कडेकडेने सोडवत जायची, प्रत्येक खटका तुटल्यासारखाच वाजतो आणि प्रत्येक वेळी श्वास अडकतो. खाली टचपॅडची रिबन, तिच्या कनेक्टरला काळी बारीक झडप, ती उचलली की रिबन आपोआप सुटते. काही झडपा उभ्या उचलायच्या असतात, काही आडव्या बाहेर सरकवायच्या, आणि दोन्ही दिसतात सारख्याच. मी सरकवायची होती ती उचलली. 'टिक्' झालं. अर्धी झडप हातात. स्पीकरचा आवाज नव्हता, पंख्याचा नव्हता, घरात अगदी शांत होतं, त्यामुळे ते टिक् जरा जास्तच ऐकू आलं.

दोन मिनिटं तशीच बसून राहिले. मघाशी ज्याला एवढं बोलले त्याच्या रांगेत येऊन बसायला मला वीस मिनिटंही लागली नव्हती. हा कनेक्टर सुदैवाने जुन्या बोर्डावरचा होता आणि जुना बोर्ड तसाही जाणार होता, पण हे डोक्यात यायला ती दोन मिनिटं गेली.

पुढे स्क्रीनची केबल. ती हिंजपासून बोर्डाच्या कडेने एका खाचेतून येते, खाचेला धरून ठेवायला प्लास्टिकचा चिमटा असतो, आणि माझ्यातला चिमटा तुटलेला होता. त्याच्या जागी पिवळसर केप्टॉन टेपचा (उष्णता सोसणारी चिकटपट्टी) तुकडा. आणि त्या टेपचं एक टोक दुमडलेलं होतं. अगदी बारीक, दोन मिलिमीटर असेल, आतल्या बाजूला दुमडून चिकटवलेलं, म्हणजे पुढच्या वेळी कोणाला टेप काढायचा असेल तर नखाने खरवडत बसावं लागू नये, टोक धरून ओढता यावं.

हेही त्यानेच केलेलं, दुसरं कोण आत गेलं होतं? ज्या हाताने पट्टीवर न मोजता स्क्रू ठोकला त्याच हाताने टेपचं टोक दुमडलं होतं, आणि ते कुणासाठी, तर जो आपल्याला कधी भेटणार नाही अशा माणसासाठी. मी ते टोक धरलं आणि टेप सरकन निघाला. माणूस कंटाळ्याच्या दिवशी एक असतो आणि... जाऊ दे, मला त्यात आणखी काही शोधायचं नाहीये, पण मनातल्या मनात बोललेलं थोडंफार मागे घेतलं एवढं खरं.

त्यानंतर वाय-फायच्या दोन अँटेना वायरी, एक काळी एक पांढरी, कुठली कुठे हे फोटो काढून ठेवलं. स्पीकर, पॉवरचा जॅक, तारीखवाला सीआर२०३२ सेल, सगळं सुटं करून बोर्ड एका बाजूने उचलून तिरका बाहेर काढला, आणि उलटा केला.

तिथे होतं. खालच्या बाजूला, काठाजवळ, हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड, दोन-तीन बारीक चिपच्या पायांवर चढलेली. चार-पाच वर्षांपूर्वी कीबोर्डवर अर्धा ग्लास पाणी सांडलं होतं, पटकन बंद केला, उलटा ठेवला, दोन दिवसांनी चालू केला तर चालला, मी म्हटलं सुटलो. या लॅपटॉपला कीबोर्डखाली पन्हाळीसारखी वाट आहे आणि तळाला दोन भोकं, सांडलेलं पाणी सरळ खाली जावं म्हणून. बहुतेक सगळं गेलं असणार. थोडं त्या भोकाच्या काठावर थांबलं असणार, आणि बोर्डावर वीज असताना ओल राहिली की तांबं हळूहळू विरघळतं, नुसत्या पाण्याने एवढं होत नाही, पाणी आणि वीज दोघं मिळून करतात. मी बंद केला असं मला वाटत होतं, पण बॅटरी लावलेली होती आणि बॅटरी असली की बोर्डाचा काही भाग कधीच पूर्ण झोपत नाही. बॅटरी काढायची असते, आधी बॅटरी. हे आज माहीत आहे. म्हणजे ज्याने पाण्याचा विचार करून भोकं ठेवली त्याने आपलं काम केलं होतं, आणि मी बॅटरीचा खटका सरकवायचा कंटाळा केला होता. माझे दोन सेकंद.

आता सगळ्यात भीतीचं काम. तेव्हाच्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर सॉकेटमध्ये बसवलेला असायचा, इंटेलच्या पाचव्या जनरेशनपासून लॅपटॉपचे प्रोसेसर बोर्डावर सोल्डर होऊनच यायला लागले आणि हा खेळ संपला. माझ्या नव्या बोर्डावर सॉकेट रिकामं होतं, जुना प्रोसेसर उचलून तिकडे न्यायचा. हीटसिंक काढला, उलट्या क्रमाने, ४, ३, २, १. पंखा आणि तांब्याच्या पात्यांच्या मधे धुळीची एक गोधडीच बसली होती, अखंड निघाली, जाडजूड. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट, म्हणजे त्याची उष्णता हीटसिंकपर्यंत पोचवणारा लेप, खडूसारखी वाळलेली. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, तर खाली आरशासारखी चकाकणारी चिप, अंगठ्याच्या नखापेक्षा लहान. एवढ्याशा तुकड्यावर चौदा वर्षं मी नोकरी केली, भांडणाचे मेल लिहिले, खोडले, परत लिहिले.

सॉकेटच्या कडेला एक चपटा स्क्रू असतो, अर्धा वेढा दिला की सॉकेट पकड सोडतं आणि प्रोसेसर नुसता उचलायचा, ओढायचा नाही. खाली ९८८ पिना. एक वाकडी झाली तरी संपलं. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण नव्या सॉकेटच्या खुणेशी जुळवला आणि सोडला, तो आपल्या वजनाने आत बसला, जोर लावायची वेळ आली तर समजायचं की चुकतंय. स्क्रू परत अर्धा वेढा. नवी पेस्ट, पातळ, पण सगळी चिप झाकेल एवढी, कारण लॅपटॉपच्या प्रोसेसरवर धातूचं झाकण नसतं, कोपरा कोरडा राहिला तर तोच तापतो. मग १, २, ३, ४.

सगळं बंद करून मग चालू करायचं हा मूर्खपणा असतो हे मी एकदा शिकलेय, म्हणून बोर्ड, प्रोसेसर, हीटसिंक, रॅमची एकच पट्टी आणि स्क्रीन एवढंच जोडून, उघड्या पोटाने, बटण दाबलं. लाइट. एक सेकंद, दोन, तीन, चार... आणि स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत 'फॅन एरर'. पंख्याची वायर लावायची राहिली होती! आयुष्यात एरर वाचून इतकं हसू कधी आलं नव्हतं. भावाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर, "एरर आहे की ताई." मी म्हटलं, "हो! आहे!"

वायर लावली, परत चालू केला, बायोसमध्ये गेले. सिरियल नंबरच्या जागी इनव्हॅलिड. तारीख २०१२ची १ जानेवारी. आणि ॲसेट टॅग नावाच्या रकान्यात कुठल्यातरी ऑफिसचा नंबर, पुढे दोन अक्षरं मागे चार आकडे. कुणाच्यातरी टेबलावर हा बोर्ड वर्षानुवर्षं चालला असेल, त्या टेबलाचा नंबर. नंतर कंपनीच्याच एका छोट्या प्रोग्रॅमने मी माझ्या तळाच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर लिहिला, ॲसेट टॅगला मात्र हात लावला नाही, तसाच ठेवलाय.

हार्डडिस्क लावल्यावर विंडोजने मला ओळखायलाच नकार दिला. डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या कुलपाने, बंद होती आणि तिची किल्ली जुन्या बोर्डावरच्या टीपीएममध्ये, म्हणजे आता माझ्या बाजूला टेबलावर उताणी पडलेली. निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. ती मी कधीतरी कागदावर उतरवून डिक्शनरीत ठेवली होती, शोधायला लागलेला वेळ सांगत नाही. सहा-सहा आकड्यांचे आठ गट, एकेक मोठ्याने म्हणत टाइप केले. उघडलं. सगळं जागच्या जागी, डेस्कटॉपवरचा पसाराही तसाच. तारीख दुरुस्त करायची विसरले होते त्यामुळे एकही वेबसाइट धड उघडेना, सर्टिफिकेट चुकीचं म्हणत होती, त्यांच्या हिशेबाने मी भूतकाळातून आले होते. मग अ‍ॅक्टिव्हेशनने सांगितलं की हे डिव्हाइस बदललेलं दिसतंय. त्याच्या लेखी लॅपटॉप म्हणजे बोर्ड. माझ्या लेखी पुसट झालेला 'ए', हिंजची कुरकुर आणि ते टेंगूळ. असो, विंडोज १०चे नेहमीचे अपडेट तसेही १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले होते, मी दुरुस्तीच्याच आठवड्यात लिनक्स टाकलं आणि तो वाद मिटवला.

बंद करताना पुठ्ठ्यावरून एकेक स्क्रू उचलत गेले. स्क्रीनच्या केबलला नवा टेप लावला, आणि त्याचं टोक दुमडलं. शेवटी राहिलं ते डावीकडचं पुढचं भोक. भंगारातल्या स्क्रूंमधून ४ मिलिमीटरचा शोधला, पट्टीवर दोनदा मोजला, पिळला. आठचा तो स्क्रू मी पुठ्ठ्यावर टोचलेलाच ठेवलाय, शेजारी पेनाने लांबी लिहून.

सरळ करून वरून हात फिरवला. प्लास्टिक एकदा ताणलं की परत बसत नाही. आत्ता हे टाइप करतानाही लागतंय.